दत्तोजीअण्णांची साखर

घर बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी आम्हाला पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही, घरात मांसमच्छी शिजवणार का तेही विचारलं नाही. जीभ दाखवा म्हणाले.

मला वाटलं ऐकण्यात काहीतरी चूक होतेय. पण माझा नवरा अजय घरं बघून बघून इतका जेरीस आला होता की त्याने मुकाट्याने तोंड उघडलं. गृहस्थांनी त्याला खांद्याला धरून दाराकडे, उजेडात वळवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि "पित्त" असा निकाल दिला. मग माझी पाळी. नवं नवं लग्न, परकं शहर, आणि मी एका अनोळखी मिशाळ माणसापुढे जीभ काढून उभी. "वात," ते म्हणाले. "वात आणि पित्त. चालेल. कफ असता तर वरचा मजला दिला नसता. वर गारवा फार. उगाच आमच्या जिवाला घोर."

अशा रीतीने जे. पी. नगरमधल्या त्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही राहायला गेलो. अजयचा कारखाना के. आर. पुरमकडे, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. माझी बँकेतली नेमणूक आनेकलला. दोघांनाही सारखंच गैरसोयीचं म्हणून ते घर आम्हाला न्याय्य वाटलं. शिवाय घरमालक मराठी. नव्वद सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं, बेंगळुरात आमच्या ओळखीचं काळं कुत्रं नव्हतं. मराठी बोलणारं माणूस खाली आहे एवढ्यावर माझ्या आईने पुण्यात पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

मराठी म्हणजे, होते मराठीच. घरमालकांचे, म्हणजे दत्तोजीराव चव्हाणांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलायचे, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं की मला पहिले काही महिने अर्धंच कळायचं. सगळा मोहल्ला त्यांना अण्णा म्हणे. मला ते मृणालम्मा म्हणत. मी अजून तिशीलाही पोचले नव्हते, पण पहिल्याच दिवशी अम्मा झाले.

अण्णा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. मूल नाही. मूल नसलं तरी त्यांचं घर भरलेलं होतं ते आजारांनी. बाकीचे लोक जसं मुलांबद्दल बोलतात तसं अण्णा आजारांबद्दल बोलत. आमची साखर. आमचे सांधे. आमचं आम्लपित्त. "आमची साखर या महिन्यात जरा शहाणी झालीय हं," असं ते फाटकाशी उभं राहून दूधवाल्यालाही सांगत, आणि दूधवाला कन्नडमध्ये अभिनंदन करी. स्वतःला "आम्ही" म्हणवून घेण्याची ती जुनी सरदारी खोड असावी असं मी धरून चालले होते.

या तिन्ही आजारांसाठी त्यांचा एकाच माणसावर विश्वास होता, तो म्हणजे आनेकलच्या पंडितांवर. तिकडे वैद्याला पंडित म्हणतात. डॉक्टरच्या गोळ्याही घरात होत्या, त्यांना अण्णांची हरकत नव्हती, पण गोळीबद्दल ते पोस्टमनबद्दल बोलावं तसं बोलत. येतो, टाकून जातो. पंडितांचा काढा मात्र घरचा माणूस. काढ्याला ते कषाय म्हणत. सकाळी खाली कषाय उकळायला लागला की वर माझ्या चहाला त्याचा वास लागे, माझ्या साड्यांना लागे. बँकेत एकदा एका खातेदाराने मला विचारलं, मॅडम, तुमच्याकडे कोणी बाळंतीण आहे का.

या सगळ्यात भरडून निघत त्या लीलाक्का, अण्णांची बायको. गोल चेहरा, बारीक आवाज, चालताना एक हात नेहमी भिंतीला. घरातसुद्धा पांढरे मोजे घालायच्या. त्यांनाही मधुमेह होता, पण विचारलं तर हसून म्हणायच्या, "माझी शुगर काय, स्वल्पच आहे. त्यांच्यासारखी नाही." आणि परत वळून जात्यावर अण्णांचे जव भरडायला बसायच्या.

आणि अण्णा कसे होते? तांबूस गाल, ताठ पाठ, गच्चीवर टाकी बघायला जाताना दोन-दोन पायऱ्या टाकत चढणारे. मी एकदा न राहवून म्हटलं की अण्णा, तुमच्याकडे बघून तुम्हाला एवढं सगळं आहे असं वाटत नाही. त्यावर ते विजयी मुद्रेने म्हणाले, "बघ. हाच कषायाचा गुण."

माझा पहिला खटका उडाला तो शेकावरून. संध्याकाळी मागच्या अंगणात दोघं पाय पसरून बसत. गुडघ्यांना निरगुडीचं तेल, मग तव्यावर तापवलेली वाळूची पुरचुंडी. मी वरून, दोरीवरचे कपडे काढताना बघायची. अण्णा पुरचुंडी उचलायचे आणि स्वतःच्या गुडघ्याला लावायच्या आधी लीलाक्कांच्या गुडघ्याला लावायचे. चांगलं शेकत बसायचे, हा गुडघा, तो गुडघा. पुरचुंडी गार व्हायला आली की आपल्या गुडघ्याला दोनदा टेकवून ठेवून द्यायचे. एक दिवस मी वरूनच विचारलं, हे काय. तर म्हणाले की आधी हिच्यावर बघावं लागतं, चटका बसतो का. आमचं कातडं फार नाजूक.

मी कपड्यांचा गठ्ठा घेऊन घरात आले आणि अजयला सांगितलं की शेक किती गरम आहे ते बघायला हा माणूस बायकोचा गुडघा वापरतो. अजय पेपर वाचत होता. तो म्हणाला की पुढच्या महिन्यात भाडं वाढवणार नाहीत ना, तेवढं बघ.

कषायाचंही तेच. कडू इतका की नुसत्या वासाने घसा आवळायचा. अण्णांचं म्हणणं, आम्हाला तो एकट्याला गिळवत नाही. मग लीलाक्कांनी आधी अर्धा प्यायचा. त्या तोंड वेडंवाकडं करून प्यायच्या, अण्णा त्यांच्याकडे टक लावून बघायचे, भांडं रिकामं झालं की मग आपलं उचलायचे. मग दोघांच्या डॉक्टरच्या गोळ्या. फिरायलाही तसंच. वाटेत आम्हाला चक्कर आली तर, म्हणून लीलाक्कांनी रोज बरोबर जायचं. बिचाऱ्या भिंतीचा आधार सोडून रस्त्याने हळूहळू चालत आणि अण्णा त्यांच्या शेजारून "सावकाश, लीला, आमचे सांधे" असं ओरडत. सगळा रस्ता ऐकायचा. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला हळहळून म्हणायचा की अण्णांना फार त्रास आहे.

त्या घरातून साखर हद्दपार होती. गूळ नाही, बटाटा नाही, पांढरा भात नाही. नाचणी, जव, मूग, दोडका, पडवळ, आणि कारलं तर देवासारखं रोज. पाहुण्यांनाही तेच. लोक येईनासे झाले होते. अण्णांना त्याची खंत नव्हती. "जीभ ज्याच्या ताब्यात नाही तो आमच्या घरी येऊन काय करणार," म्हणायचे. पहिल्या दिवाळीला मी हौसेने फराळाचं ताट खाली नेलं. अण्णांनी दारातच घेतलं, झाकण उचलून एकेक पदार्थ ओळखपरेडीसारखा न्याहाळला, आणि माझ्यादेखत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या पोरांना नेऊन दिलं. परत येऊन रिकाम्या ताटात मूठभर मेथीदाणे घातले. रिकामं ताट देऊ नये म्हणे. मागे लीलाक्का उभ्या होत्या. त्यांची नजर करंज्यांच्या मागे फाटकापर्यंत जाऊन आली ती मी पाहिली.

माझ्याकडेही त्यांचं लक्ष असायचं, ते वेगळंच. फोडणीचा चुरका ऐकून खालून विचारायचे, मृणालम्मा, तेल जास्त झालं का. शिंक आली तर आलं घेऊन वर. एकदा लाइट गेले म्हणून आम्ही गच्चीत गारव्याला बसलो, तर हे मेणबत्ती घेऊन आले आणि मला वाटलं किती काळजी. त्या मेणबत्तीच्या उजेडात त्यांनी अजयची जीभ तपासली. मी घर बदलायचं म्हणत होते. अजय म्हणत होता की बदलू, पण दुसरा मालक नळाला कावेरीचं पाणी देईल का ते आधी विचार.

होळीला मात्र कडेलोट झाला. मी पुरणपोळ्या केल्या होत्या. इकडे त्यांना होळिगे म्हणतात आणि पाडव्याला करतात, पण मला होळीला पुरण हवं म्हणजे हवं. वास खाली गेला असणार. दुपारी अण्णा पेन्शनच्या कामाला बाहेर पडलेले दिसले आणि थोड्याच वेळात जिन्यावर कठड्याचा आवाज येऊ लागला. लीलाक्का एकेक पायरी थांबत वर आल्या. स्वयंपाकघरात पाटावर बसल्या, घाम पुसला, आणि काही मागितलं नाही. मी ताट वाढलं, वर तुपाची धार सोडली. त्यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. त्या म्हणाल्या की लग्नाआधी आईकडे त्या एका बैठकीला किती खायच्या ते सांगितलं तर मला खोटं वाटेल.

दुसऱ्या घासाला हात गेला आणि दारात अण्णा. छत्री विसरले होते म्हणून परत आले होते.

आता गोंधळ होणार म्हणून मी कंबर कसली. आज यांना सुनवायचंच. पण अण्णा सरळ आत आले, लीलाक्कांच्या पुढ्यातलं ताट उचललं, आणि उभ्याउभ्या ती पोळी खाल्ली. मग दुरडीतली दुसरी घेतली, तीही खाल्ली. मग तिसरी. तुपासकट, बोटं चाटून. साखरेचा एवढा मोठा रोगी, घरात गुळाचा खडा येऊ न देणारा माणूस, बायकोच्या तोंडचा घास काढून घेऊन माझ्या डोळ्यांदेखत पुरण हादडत होता. लीलाक्का घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. अहो, तुमची साखर, अहो पुरे, म्हणत त्यांनी हात धरला. तेव्हा कुठे अण्णा थांबले, पाटावर बसले आणि म्हणाले की आम्हाला जरा गरगरतंय.

त्या दिवशी खाली काय धावपळ. लीलाक्का त्यांना धरून घेऊन गेल्या. मेथीचं पाणी झालं, पाय चोळून झाले. रात्रीचं जेवण म्हणून दोघांनी नुसती जवाची पेज घेतली, कारण अण्णांना एकट्याला पेज जात नाही. मी अजयला सांगितलं की असा ढोंगी, असा आप्पलपोटा माणूस मी जन्मात पाहिला नाही. आणि मी खरोखरच दुसऱ्या घराची चौकशी सुरू केली.

ती चौकशी चालू असतानाच पंडितांकडे जायचा दिवस आला. दर महिन्याला अण्णा आणि लीलाक्का जोडीने आनेकलला जात. एकट्याला बसमध्ये काही झालं तर, हे अर्थातच कारण. त्या महिन्यात लीलाक्कांच्या पायांना सूज होती, बसची पायरी चढणं शक्य नव्हतं. तेव्हा अण्णांनी परस्पर ठरवलं की मृणालम्मा रोज जातेच, तिच्याबरोबर जाऊ. औषध संपलंय.

आनेकलच्या बसमध्ये मी रोज एक झोप काढायची. त्या दिवशी नाही. बन्नेरघट्टा येईपर्यंत अण्णांनी मला सकाळी कोमट पाणी कसं प्यावं हे सांगितलं, पुढे कसं पिऊ नये हे सांगितलं, आणि मग तिकीट फाडायला आलेल्या कंडक्टरला जीभ दाखवायला लावली. कंडक्टर बिचारा घाबरून दाखवता झाला. पुढची सीट मागे वळून बघत होती. मी खिडकीबाहेर नाचणीची शेतं बघत राहिले, जणू आमची ओळख नाही.

पंडितांचं घर माझ्या बँकेच्याच गल्लीत निघालं. बँक उघडायला वेळ होता म्हणून मी बरोबर गेले. एक लांब ओसरी, भिंतीला बाकं, टोकाला एका उशीवर बसलेले जाडजूड पंडित, आणि आडपडदा कसला म्हणून नाही. कोणाला काय झालंय ते सगळ्यांना ऐकू येत होतं. एका शेतकऱ्याच्या मूळव्याधीची चर्चा संपली आणि पंडितांनी अण्णांना हाक मारली, "या, रायरे," म्हणजे या, रावसाहेब.

पुढचं बोलणं कन्नडमध्ये झालं. काउंटरवर बसून मला एव्हाना कन्नड बऱ्यापैकी कळायला लागलं होतं, हे अण्णांना माहीत नव्हतं. त्यांच्याशी मी कायम मराठीच बोलत आले होते.

पंडितांनी विचारलं की रात्री झोप कशी. अण्णा म्हणाले की दोनदा उठते, पायांना मुंग्या येतात म्हणते. मला वाटलं माझं कन्नड कच्चं आहे. हा माणूस स्वतःबद्दल बोलताना "उठते" का म्हणतोय? मग पंडितांनी गुडघ्यांचं विचारलं. अण्णांनी सांगितलं की डावा बरा आहे, शेक सोसते, उजव्याला अजून सूज आहे, म्हणूनच आज आणली नाही. छातीत जळजळ? कारलं वाढवल्यापासून कमी आहे. डॉक्टरच्या गोळ्या? माझ्यासमोर घेते, रोज. गोड? एक घास गेला होळीला, म्हणाले. पुढचं ताट मी संपवलं.

पंडित पोट हलवत हसले. म्हणाले की रायरे, बायकोचं पथ्य अशा रीतीने पाळणारा दुसरा माणूस माझ्या ओसरीवर आलेला नाही.

मी बाकावर बसल्या बसल्या अण्णांकडे बघत राहिले. शेकाची पुरचुंडी, अर्धा कषाय, सावकाश लीला, सगळं एकदम उलटं फिरलं. अण्णांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं की मला कळलंय. त्यांचा चेहरा इतका पडला की मीच मान खाली घातली.

पंडितांना आमच्यातलं हे काही कळलं नव्हतं. ते अण्णांकडे निरखून बघत होते. त्यांनी हात पुढे करायला सांगितलं. अण्णा म्हणाले, माझा कशाला. तरी पंडितांनी मनगट धरलंच. बराच वेळ बोटं ठेवून बसले. मग विचारलं की पँट सैल झालीय का. तहान लागते का. रात्री किती वेळा उठता, तुम्ही, तुम्ही. अण्णा म्हणाले की वय झालं, चालायचंच. पंडितांचं हसू गेलं होतं. त्यांनी लीलाक्कांच्या पुड्या बांधून दिल्या आणि सांगितलं की तुम्हाला मी आज काही देणार नाही. आधी डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासून या. उद्याच जा.

बाहेर आल्यावर बसस्टँडशेजारी एका टपरीवर आम्ही उभे राहिलो. मग त्यांनी आपण होऊन सांगायला सुरुवात केली, पुड्यांच्या पिशवीकडे बघत.

काही वर्षांपूर्वी लीलाक्कांच्या पायाला जखम झाली होती. साधी, चपलेची. ती महिनोन्‌महिने भरेना. डॉक्टरने साखर सांगितली, आणि असंच चाललं तर पायाचं काही खरं नाही असंही सांगितलं. पांढरे मोजे तेव्हापासूनचे. लीलाक्कांनी सगळ्याला हो म्हटलं. चार दिवस नाचणी खाल्ली. मग कोणी पाहुणे आले, मग कुठलासा सण आला. नवऱ्यासाठी भात करायचाच, मग उरलेला टाकायचा कसा. एकटीसाठी वेगळं शिजवायचं म्हणजे गॅस वाया. खीर उरली, भांडं पुसून खा. अण्णा रागावले, हातापाया पडले, अबोला धरला. त्या हो म्हणत आणि ओट्याशी उभ्या राहून उरलंसुरलं खात. मग अण्णा एकटेच आनेकलला आले. पंडित म्हणाले की मी कितीही पथ्य सांगितलं तरी बाई स्वतःसाठी चूल पेटवत नाही, हे मी रोज बघतो, याला माझ्याकडे औषध नाही.

त्या संध्याकाळी अण्णा घरी आले, खुर्चीत बसले आणि बायकोला म्हणाले की मला साखर निघालीय. आणि सांधे. आणि पित्त. बायकोला जे जे होतं ते सगळं स्वतःच्या नावावर करून घेतलं. डॉक्टरच्या म्हणून स्वतः घ्यायचे त्या गोळ्या नुसत्या ताकदीच्या होत्या.

"दुसऱ्या दिवशी घरात साखरेचा डबा नव्हता," अण्णा म्हणाले. "माझ्यासाठी केलं तिने. स्वतःसाठी एक दिवस केलं नव्हतं गं."

मी विचारलं की आता तरी त्यांना खरं का नाही सांगत. एवढी सवय झालीय, त्या पाळतील. अण्णांनी मान हलवली. म्हणाले की तू तिला ओळखत नाहीस. मी धडधाकट आहे कळलं तर त्याच दुपारी माझ्यासाठी होळिगे करेल. माझी बँक उघडायची वेळ झाली होती, समोरच्या गल्लीत शिपाई शटर वर करत होता. घरी काही बोलू नकोस, मृणालम्मा, एवढं सांगून ते परतीच्या बसकडे गेले. मी घराची चौकशी तिथेच सोडून दिली. त्यांचा काच कमी झाला असं मात्र नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी खालून ओरडून विचारलं की एवढा लसूण कोणाच्या घरी पडतोय.

पुढच्या रविवारी दुपारी ते वर आले. नेहमी दार उघडलं की आत शिरत आणि आधी ओट्यावर काय आहे ते बघत. त्या दिवशी दारातच उभे राहिले आणि विचारलं की स्वल्प बसू का. अजय बाहेर गेला होता. खाली लीलाक्का झोपल्या होत्या. मी खुर्ची पुढे केली.

रक्त तपासलं, म्हणाले. आहे. बरीच आहे. डॉक्टर म्हणाला, एवढं पथ्य पाळूनही आली, म्हणजे अंगातच असणार. पथ्य नसतं तर कधीच आडवे झाला असता.

मी म्हटलं की मग आता एक तरी गोष्ट सोपी झाली, खोटं बोलायला नको. हे मी त्यांना हसवायला म्हटलं. ते हसलेही थोडे. मग हसू विरलं.

लीलाक्कांना सांगितलं का, मी विचारलं.

"काय सांगणार? तिला माहीतच आहे," अण्णा म्हणाले. "डॉक्टरने एक गोळी वाढवली म्हणून सांगितलं. ती म्हणाली, सरी, बरं. आणि पडवळ चिरायला बसली."

त्यांनी पाय जरा पुढे घेतले आणि आपल्याच तळपायांकडे बघत बसले. एरवी सगळ्या जगाच्या जिभा बघणारा तो माणूस माझ्या खोलीत अगदी लहान दिसत होता. मग म्हणाले, "पहिल्यांदा सांगितलं होतं ना, खोटं, तेव्हा फार रडली होती. रात्रभर हात धरून बसली होती माझा. ते सगळं तेव्हाच होऊन गेलं."

खालचा नळ कोणीतरी नीट बंद केला नव्हता, त्याचा आवाज येत होता. मी उठून पंखा एक अंकाने कमी केला, उगाच. मग दुसरी खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले. डॉक्टर नेमकं काय म्हणाले ते मला पहिल्यापासून सांगा, मी म्हटलं. सगळं. घाई नाही.

अण्णांनी एकदा जिन्याकडे पाहिलं. मग सांगायला लागले. तहान कधीपासून लागायची ते, पँट सैल झाली तेव्हा काय वाटलं ते, सुई टोचली तेव्हा मान कशी फिरवली ते. सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल अशा आवाजात आजार सांगणारे दत्तोजीअण्णा हलक्या आवाजात बोलत होते, खाली ऐकू जाऊ नये म्हणून, आणि मी त्यांच्याकडे वाकून ऐकत होते.